चौदा मिनिटांचा मिकोला

प्रिय मिकोलाभाऊ,

काल तुझा चाळिसावा झाला. आमच्याकडे तेरावा असतो, तुमच्याकडे चाळिसावा. जेवायचा आग्रह मात्र सारखाच. तुमच्या चर्चच्या खालच्या हॉलमध्ये हालिनाने मला दोन शब्द बोलायला उभं केलं. एरवी मी तिला, तुझ्या बायकोलासुद्धा, बोलू देत नाही, आणि काल "ही वॉज अ गुड नेबर" एवढं म्हणून खाली बसले. लाज वाटली रे! म्हणून आज प्रशांत ऑफिसला गेल्यावर लिहायला बसले आहे.

पण खरं कारण वेगळंच आहे. जेवणं झाल्यावर तुझी सोफिया मैत्रिणीला सांगत होती, माझे पपा प्रोफेशनल सॉकर खेळायचे म्हणून. मैत्रिणीने विचारलं, चांगले होते का? तर खांदे उडवून म्हणाली, "नॉट रिअली. आय सॉ द टेप. ही जस्ट नॉक्ड पीपल डाऊन." बारा वर्षांची पोर. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पाहिलं ते सांगत होती. आणि तिने पाहिलं ते माझ्या हातचं होतं! माझा घास तोंडातच राहिला.

आठवतं, पहिल्यांदा आमची बेल कशाला वाजवली होतीस? दोन हजार एकचा हिवाळा, अमेरिकेत, पिस्कॅटवेमधलं ते अपार्टमेंट. दार उघडते तर सहा फुटी माणूस, नाक मोडून बसलेलं, हातात व्हिडिओ कॅसेट. "इंडियन? व्हीसीआर?" मी घाबरून साखळी लावली. मग कळलं, तुला कोणीतरी सांगितलं होतं की इंडियन लोकांकडे सगळ्या देशांच्या कॅसेटी चालणारा व्हीसीआर असतो. खरंच होतं की! आम्ही सगळेच आपापल्या लग्नाची कॅसेट घेऊन येतो, ती इथल्या मशीनवर चालत नाही, मग आधी मल्टिसिस्टम व्हीसीआर येतो आणि नंतर सोफा.

चुकून माझ्याच लग्नाची कॅसेट लागली, तीही तू अर्धी बघितलीस. अक्षता पडायला लागल्या तेव्हा गंभीरपणे विचारलंस, "हे लोक तुझ्यावर हल्ला का करतायत?" मी इतकी हसले की चहा उतू गेला.

मग तुझी कॅसेट लावली. युक्रेनमधल्या एका लहानशा शहराचा क्लब, त्यात नऊ वर्षं डिफेंडर. इथे आलास तेव्हा तेहतीस वर्षांचा होतास. इथला क्लब छोट्या लीगमधला, उन्हाळ्यात मैदानावर, हिवाळ्यात बंद हॉलमध्ये. तरी मी नागपूरला फोन करकरून सांगितलं की आमच्या शेजारी खराखुरा खेळाडू राहतो. पुढच्या श्रावणात तुला राखी बांधली. रेफ्रीने काढायला सांगितली तर तू तिच्यावर पांढरी पट्टी गुंडाळलीस आणि पूर्ण सीझन तशीच ठेवलीस. आईने कौतुक केलं, "सख्ख्या भावाने दोन दिवस नाही ठेवली कधी!"

मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, क्लबने कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. पस्तिशीच्या डिफेंडरला कोण विचारतं? पण मिडवेस्टमधल्या एका क्लबने विचारलं. म्हणाले, खेळाची टेप पाठवा, छोटी.

तुझ्याकडे चार पूर्ण मॅचच्या कॅसेटी होत्या, स्टँडच्या वरच्या पायरीवरून कोणीतरी काढलेल्या. तू दिवसभर लोकांच्या बाथरूममध्ये फरश्या बसवायला जायचास. मी घरात. नागपूरला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवणारी बाई इथे नोकरीला बंदी असलेल्या डिपेंडंट व्हिसावर पोळ्या लाटत होती. मीच म्हटलं, "दे इकडे, मी करते." वरच्या मजल्यावरच्या काकूंचा व्हीसीआर आणला, आमच्याला जोडला, आणि तीन आठवडे बटणं दाबत बसले. अमेरिकेतलं माझं पहिलं काम होतं ते. प्रशांतला जेवायला वाढायचं विसरायचे, इतकी रमले होते.

कसं केलं सांगू? बॉल तुझ्याजवळ आला की ठेवायचं. घसरत जाऊन पाय घातलास, ठेव. हवेत डोकं मारलंस, ठेव. कोणाला आडवं केलंस, वा भाऊ, ठेव! आणि तू नुसता चालतोयस, हात करून कोणाला तरी काही सांगतोयस, उभा आहेस, ते सगळं कट. उभं राहण्यात काय बघायचंय, असं माझं डोकं! चार मॅचमधून चौदा मिनिटांचा मिकोला काढला मी.

तू टेप पाहिलीस. मागे घेऊन पुन्हा एकदा पाहिलीस. मग म्हणालास, "व्हेरी फास्ट." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मी त्या दिवशी पाटवडीची भाजी केली होती, तू तीनदा घेतलीस. टेपची एक प्रत तुझ्याकडे ठेवली आणि दुसरी पोस्टात टाकली.

महिन्याभराने त्यांचं उत्तर आलं. ते पत्र मीच तुला वाचून दाखवलं. खेळाडू दमदार आहे, पण उतावळा वाटतो. आम्हाला शांत डोक्याचा डिफेंडर हवा आहे. मी तावातावाने म्हणाले, "मूर्ख आहेत लेकाचे!" तू घडी करून पत्र खिशात घातलंस. त्यानंतर तू प्रोफेशनल खेळला नाहीस. फरश्या बसवल्यास, शनिवारी पोरांना कोचिंग दिलंस, आणि आमच्याकडे चहा पीत राहिलास.

मला कळायला तीन वर्षं लागली. टीव्हीवर मॅच चालू होती, मी बॉलमागे ओरडत होते. तू म्हणालास, "बॉल सोड. त्या चार नंबरला बघ." मी बघितलं. तो फक्त दोन पावलं डावीकडे सरकला. समोरच्याने पास द्यायचा विचारच सोडला. "बघितलंस? काहीच झालं नाही," तू खूश होऊन म्हणालास. "ज्याची चड्डी मॅच संपल्यावर स्वच्छ, तो चांगला डिफेंडर."

भाऊ, माझ्या चौदा मिनिटांत तुझी चड्डी चिखलाने भरलेली होती! मी कुकर बघायच्या निमित्ताने उठले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. बाहेर येऊन कबूल करायचं होतं. नाही केलं. आज करू, उद्या करू, यात दोन वर्षं गेली, आणि सप्टेंबरमध्ये तू झोपेतच गेलास.

पण तुलाही विचारते. तुला पहिल्या दिवशीच दिसलं होतं ना? मग "पुन्हा कर" एवढे दोन शब्द का नाही बोललास? मला वाईट वाटेल म्हणून? अरे, रागावले असते, भांडी आपटली असती, आणि दुसऱ्या दिवशी नवी टेप केली असती! एवढं कोणी कोणाचं मन जपतं का रे?

काल भांडी धुताना मी हालिनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो म्हणायचा, गुडघा तसाही एक सीझन टिकला नसता." मग ताट पुसता पुसता म्हणाली, "निदान मला तरी असं म्हणायचा." खरं काय ते तुझं तुला माहीत. मी त्यावर स्वतःला माफ करून घेणार नाही.

चारही कॅसेटी तिच्या बेसमेंटमधून घेऊन आले. आज सकाळी एक लावली. दुसऱ्या हाफमध्ये बॉल पार त्या टोकाला आहे. तू मागे मागे चालतोयस, एक हात लांब करून तुमच्या टीममधल्या एका नवख्या पोराला आत घेतोयस. समोरच्या टीमचा स्ट्रायकर पासची वाट बघत उभा राहतो, मग कंटाळून निघून जातो. कोणी टाळी वाजवत नाही. मी तीनदा मागे घेऊन पाहिलं. किती सुंदर खेळायचास रे तू! आणि मी म्हटलं होतं, कट.

तुझा गेलेला सीझन मला परत देता येणार नाही. पण पोरीच्या डोळ्यांतला बाप मी बिघडवलाय, तो तरी दुरुस्त करते. येत्या रविवारी सोफियाला बोलावलंय. आधी सांगणार आहे की ती टेप मी कापली, नावं ठेवायची तर आत्याला ठेव. मग मॅच लावणार. ती दहा मिनिटांत जांभया देईल, विचारेल, "आत्या, व्हेन इज द गुड पार्ट?" मी म्हणेन, हाच, बाळा. आणि नव्वदच्या नव्वद मिनिटं तिच्या शेजारी बसेन, रिमोटला हात न लावता.

तुझी बहीण,
वैशाली