बुटातला कापूस

रविवार, संध्याकाळ. नागपूरहून मंगरूळपीरला परतताना, गाडीत.

दादा-वहिनीने पहिल्यांदाच पोरांना थीम पार्क दाखवला. दिवस मीच ठरवला, कारण श्वेता आज तिथे जाणार हे तिच्या स्टेटसवर वाचलं होतं. तिच्यापायी कॉलेज सोडलं, तरी अक्कल आली नाही.

पाच वर्षांचा गुड्डू मोठ्या झोपाळ्याला लागणाऱ्या उंचीसाठी महिनाभर भिंतीला टेकून स्वतःला मोजत होता. बोटभर कमी पडायची, म्हणून वहिनीने त्याच्या बुटात घरचा कापूस ठासून भरला. पोरगा बदकासारखा डुलत चालत होता.

दादा-वहिनी धाकट्या पोरीजवळ थांबले. मी गुड्डूला घेऊन रांगेत लागलो, तर पुढेच श्वेता, होणाऱ्या नवऱ्यासोबत. मी तोंड फिरवलं. गुड्डू ओरडला, "काका, हीच ना श्वेता? जिच्या फोटूचा तुमी रोज मुका घेता!"

ती वळून हसली. "माय वं! कॉलेज सोडून हेच धंदे करून राह्यला का तू?"

अख्खी रांग हसली. तिचा तो माणूसही.

गेटवरच्या माणसाने गुड्डूला मोजलं. पास झाला. तेवढ्यात मीच बोललो, "भाऊ, बूट काढून मोजा. कापूस हाय आत."

कापूस बाहेर आला तशी रांग पुन्हा हसली, पण माझ्यावर नाही. काहून केलं मी असं? खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

आत्ता वहिनीने गुड्डूला विचारलं, "रडते कायले रे?"

गुड्डू माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, मीच लहान निघालो."

मी म्हटलं, "हाव वहिनी, लहानच हाय थो अजून."