आपला दरवाजा, त्यांचे पिरॅमिड

२ मार्च, सकाळ
डोकं फिरलंय. भाचीच्या शाळेत पुढच्या वर्षीपासून गावाच्या इतिहासाचा तास बंद. त्याऐवजी जगाचा इतिहास. पोरांना पिरॅमिड तोंडपाठ, आणि रोज ज्या जुन्या दरवाजाखालून शाळेत जातात तो कुणी बांधला, पत्ता नाही! भाचीला विचारलं. तिने मलाच विचारलं. म्हटलं, मुद्दा तो नाही.

दुपार
भावोजी म्हणाले, मेहुणे, गावाचा इतिहास राहू द्या, स्वतःचं भविष्य बघा. ताई म्हणाली, महिनाअखेर नोकरी नाही मिळाली तर तुझी खोली भाड्याने देणार. सख्खी बहीण!

४ मार्च
पालकसभेत घुसलो. पालक नसताना. टेबलावर मूठ आपटली. ग्लासातलं पाणी शाळेच्या मोठ्या बाईंच्या मांडीवर. तरी त्या शांत. म्हणजे टरकल्या. म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी सातवीला दरवाजापाशी न्या, शिकवून दाखवा. पोरं रमली तर तास ठेवू, तो घ्यायला माणूसही नेमू. कोणता माणूस, हे शेंबडं पोरही सांगेल.

ताईला म्हटलं, खोलीला हात लावू नकोस. म्हणाली, शुक्रवारनंतर बोलू.

५ मार्च
संकल्प: रोज वाचनालय. दरवाजाची खडान्‌खडा माहिती.

६ मार्च
दरवाजाचं पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर. शिडी दुरुस्तीला. भयंकर संताप. हाताशी नेपोलियन होता. सहज उघडला. वाचनालय बंद होईपर्यंत रशियात. शत्रूचा अभ्यास हवाच.

९ मार्च
शिडी आली. पण पिरॅमिडमध्ये अडकलो. आत चोरवाटा आहेत! रागारागाने शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

१३ मार्च
परवा दरवाजा प्रत्यक्ष बघायला निघालो. वाटेत एक ट्रकवाला म्हणाला, बंदरावर येतोस? आज परत आलो. त्याला आपला दरवाजा माहीतच नव्हता. इतकं अज्ञान! चीड आली.

१४ मार्च, शुक्रवार
जिंकलो! भाचीने सगळ्यांदेखत विचारलं, मामा, हा बांधला कुणी? कार्टी घरभेदी आहे. म्हटलं, आधी दरवाजा म्हणजे काय ते समजून घेऊ. दरवाजा म्हटला की पिरॅमिडचा आलाच. मग सुटलोच. दप्तरं रचून पिरॅमिड केला. पाण्याच्या बाटल्यांची फौज रशियाच्या थंडीत पाठवली. पोरं जागची हलेनात. मोठ्या बाईंना म्हटलं, बघा, आपल्या मातीच्या इतिहासाची किती भूक आहे! त्या काहीतरी लिहून घेत होत्या.

१७ मार्च
बाईंनी बोलावून आभार मानले. म्हणाल्या, आमचं मन डळमळत होतं, तुम्ही पक्कं केलंत. आता जगाचाच इतिहास. विचारलं, मग माणूस? म्हणाल्या, जाहिरात दिलीय, पदवीधर हवा.

ताडकन उठलो, दार आपटलं. स्प्रिंगचं निघालं. ते हळूहळू मिटेपर्यंत बाईंकडे डोळे वटारून उभं राहावं लागलं.

३० मार्च
खोली गेली. कृतघ्न गाव. उद्याच्या बसने दुसऱ्या गावी. तिथल्या शाळांना तिथला इतिहास शिकवणार. कधी गेलेलो नाही, म्हणजे पूर्वग्रह नाही.

३१ मार्च
स्टँडवर भाची पोचवायला आली. म्हणाली, मामा, त्या फौजेतले घरी किती पोचले? सांगायला बसलो. बस निघून गेली.

परत आलो. बेल वाजवली. नव्या भाडेकरूने दार उघडलं, विचारलं, कोण पाहिजे? भाचीनेच सांगितलं, हा माझा मामा, पूर्वी इथे राहायचा.