फोन माझ्याकडे होता

प्रिय हर्षल,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तुझ्या मायने ओट्यावर मातीची घागर भरून ठेवली, तिच्यावर खरबूज आणि दोन आंबे. वर्षात गेलेल्या माणसाला आखाजीला पाणी द्यायचं असतं, हे तुला मी काय सांगणार? मला तिने सकाळीच बोलावून घेतलं होतं. पुरण मी वाटलं. तुझ्या नावाचं पान वाढलं तेव्हा सगळे हात जोडून उभे होते आणि मी दाराकडे बघत होते.

तू आला नाहीस.

पाच महिने झाले तुला बघून. काल वाटलं होतं, आजच्या दिवशी तरी येईल. आता येणारच नसशील तर निदान लिहून बोलावं, म्हणून हे पत्र. आपण एकमेकांशी अहिराणीच बोलायचो, पण लिहायला बसलं की हात शाळेतल्या मराठीकडेच वळतो. चालेल ना?

आठवतं, आपण दहावीपर्यंत एकाच वर्गात होतो आणि सहा वर्षांत जेमतेम दहा वाक्यं बोललो असू. खरं बोलायला लागलो ते तू सुरतेतल्या पांडेसऱ्याला मिलमध्ये लागल्यावर. माझे पप्पा त्याच डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. तू त्यांना काका म्हणायचास. मी बारावीला होते आणि घरात फोन एकच, तोही पप्पांच्या खिशात. एक दिवस रस्त्यात तू तुझा फोन माझ्या हातात ठेवलास. "मशिनवर वाफेने खराब होतो. दिवसभर तू ठेव, अभ्यासाचे व्हिडिओ बघ. संध्याकाळी भाजीबाजारात दे."

मला ठाऊक होतं की वाफेचं कारण खोटं आहे. तुलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

मग तेच रोजचं झालं. सकाळी साडेसातला रिक्षा थांब्यावर तू फोन द्यायचास, संध्याकाळी मेथीच्या जुड्यांसमोर मी परत करायचे. दोन मिनिटं इकडची, दोन तिकडची. तुझे हात मनगटापर्यंत रंगलेले असायचे, कधी मरून, कधी मोरपंखी. त्या दिवशी मिलमध्ये कोणत्या साड्या रंगल्या ते मी तुझ्या बोटांवरून सांगायचे आणि तू हसायचास.

दिवाळीनंतरच्या त्या मंगळवारी मी मेथीसमोर उभी राहिले. तू आला नाहीस. सात वाजले, आठ वाजले. मग पिशवीतला फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव होतं, माय.

मी उचलला नाही, हर्षल. काय म्हणणार होते? कोण म्हणून बोलणार होते? तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. घरी येऊन मी तो मजुरीवर आणलेल्या साड्यांच्या लेसच्या गाठोड्यात दडवला. तिथेही तो वाजत होता, चार्जिंग संपेपर्यंत. तुझी माय तुला शोधत होती आणि मी गाठोड्यावर उशी दाबून बसले होते. याची माफी मी कुणाकडे मागू?

पप्पा घरी आले ते सरळ मोरीत गेले. दोनदा आंघोळ केली. जेवले नाहीत. आईने खूप विचारल्यावर एवढंच म्हणाले, "हर्षल गेला. गाळाच्या टाकीत उतरला होता. आत गॅस होता."

"कशाला उतरला?"

"फोन पडला होता त्याचा. तो काढायला गेला."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं. आईने माझ्याकडे बघितलं, मग मी पुन्हा लाटायला लागले.

पोलिसांच्या कागदावर गुजरातीत तेच लिहिलं गेलं, की मुलगा स्वतःच्या फोनसाठी स्वतःहून उतरला. फोन गाळात गेला, सापडला नाही. खाली पप्पांची सही. मिलमालकाने कामगारांना बोलावून सांगितलं, "शांती राखो, झालं ते झालं." आणि शांती राखली गेली. मीही राखली.

पण गल्लीत शांती नव्हती. बायका म्हणायच्या, आजकालची पोरं, मोबाईलपायी जीव देतात. तुझी माय हे ऐकत नळावरून पाणी न्यायची, मान खाली घालून. तुला तो फोन तिनेच वाढदिवसाला घेऊन दिला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी तू आलास.

दुपारचे चार वाजले होते. मी गच्चीच्या जिन्यात साडीला खडे चिकटवत बसले होते, घरात डिंकाचा वास आईला सहन होत नाही म्हणून. मान वर केली तर तू वरच्या पायरीवर बसलेला. निळा शर्ट, पायात चप्पल नाही. मी घाबरले नाही, खरंच. मी आधी तुझे हात बघितले. ते स्वच्छ होते. नखांच्या कडांनासुद्धा रंग नव्हता. तेव्हा मला खात्री पटली की तू गेलेला आहेस.

"माझा फोन कुठंय?" तू विचारलंस.

"माझ्याजवळ."

"मग मी तो काढायला कसा उतरलो?"

माझ्या बोटाला खडा चिकटला होता. तो सोडवून वर बघितलं तर पायरीवर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चारला तिथे बसले. तू आलास. तिसऱ्या दिवशीही. आई खालून विचारायची, कोणाशी बोलतेस गं? मी सांगायचे, पाठांतर करते. तू टेकून बसायचास आणि ऊन तुझ्यातून आरपार भिंतीवर पडायचं. तू रोज एकच म्हणायचास, "मायला सांग." आणि मी रोज दुसरंच काहीतरी काढायचे. कोणत्या बाईंनी कोणता धडा संपवला, भाजीबाजारात काय झालं. जिवंतपणी आपल्याला रोज चार मिनिटं मिळायची. आता तासभर मिळत होता. हे बोलायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी आनंदात होते.

एकदा तू चिडलास. "तुला कशाची भीती वाटते? काकांची?"

"मी सांगितलं की तू जाशील," मी म्हणाले.

तू एक पायरी खाली सरकलास. मग म्हणालास, "मी गेलोच आहे, दीपाली. माय मात्र रोज सकाळी उठते आणि तिला वाटतं, आपण पोराला मारलं."

त्या दिवशी मी तुला विचारलं, नेमकं काय झालं? तू सांगितलंस. टाकी साफ करायची होती, सरकारी साहेब तपासणीला येणार होते. मास्क नव्हते, दोर नव्हता. मॅनेजरने पप्पांना सांगितलं, कोणालातरी उतरवा. पप्पा दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा मॅनेजर ओरडला, तेव्हा पप्पा तुझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जा बेटा, पटकन ये."

जा बेटा, पटकन ये. मला दुकानात पाठवतानाही ते असंच म्हणतात.

पुढच्या सोमवारी मिलला सुट्टी होती. पप्पा जेवून टीव्हीसमोर बसले होते. मी गाठोड्यातून फोन काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी ओळखला. "कुठं सापडला?"

"सापडला नाही. त्या दिवशी सकाळपासून माझ्याकडेच होता. रोज असायचा."

आई स्वयंपाकघरातून आली. तिला आधी शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ कळला. "रोज म्हणजे? तुझ्याकडे कशाला?"

पप्पांनी हात करून तिला थांबवलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "हे बघ बेटा, हा फोन मी टाकून देतो. तू काही बोललीस तर त्यात तूच बदनाम होशील. आणि तो काही परत येणार आहे का?"

"तुम्ही दोनदा नको म्हणालात," मी म्हणाले. "तिसऱ्यांदा म्हणालात, जा बेटा, पटकन ये."

पप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "कोणी सांगितलं तुला? तिथं आम्ही तिघंच होतो. मी, मॅनेजर आणि..."

"त्यानेच सांगितलं."

मला वाटलं होतं ते ओरडतील, मला वेडी म्हणतील. ते म्हणाले नाहीत. बसल्या जागी पुढे वाकले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्या हातांआडून विचारलं, "चिडलेला आहे का माझ्यावर?"

मी सांगितलं, "तुम्हाला अजून काकाच म्हणतो."

त्यांनी उठून शर्ट घातला. आई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, घर बुडवायला निघालात का? पप्पा तिच्या शेजारून वाट काढून बाहेर पडले आणि मी फोन उचलून त्यांच्या मागे.

तुझी माय गहू निवडत होती. पप्पा ओट्यावर चढले नाहीत, खाली उभे राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. मॅनेजरचं, मास्कचं, सहीचं. "मीच उतरवलं त्याला, ताई." तिने ऐकलं की नाही कळेना, कारण तिची नजर माझ्या हातातल्या फोनवर होती. पप्पा थांबल्यावर तिने मला विचारलं, "इतलंच सांग. तो फोनकरता नई उतरना?"

"नाही, माय."

पहिल्यांदा तोंडातून माय गेलं. तोवर मी तिला मावशी म्हणायचे.

तिने सूप बाजूला ठेवलं. "माले वाटे मीच मारं मना पोऱ्याले," ती म्हणाली आणि मग रडली. तू गेल्यापासून ती रडलीच नव्हती, असं शेजारच्या बायकांनी नंतर सांगितलं. फोन तिने माझ्याकडून घेतला आणि पदरात गुंडाळला. पप्पा खालीच उभे होते. तिने त्यांना बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिने चप्पल घातली आणि आम्ही तिघं चालत पोलीस स्टेशनला गेलो.

दुसऱ्या दिवशी चारला मी जिन्यात जाऊन बसले. तुला सांगायचं होतं ना, की सगळं बोलले. पायरीवर फक्त ऊन होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर मी बसत राहिले, साडी मांडीवर घेऊन.

एक विचारू? तू माझ्यासाठी आला होतास, की फक्त त्यासाठी? निरोप सांगणारी कोणी हवी होती, एवढंच का? जाताना एकदा येऊन गेला असतास तर काय बिघडलं असतं? मायचा जीव मोकळा झाला, हे बरंच झालं. पण माझ्याकडे तुझं काहीच राहिलं नाही. फोनही नाही.

इकडचं सांगते. मॅनेजरवर केस झाली, त्याला अटक होऊन तो जामिनावर सुटला. केसमध्ये पप्पांचंही नाव आहे. दोन आठवडे तेही आत होते. आता कुठलीच मिल त्यांना घेत नाही. पर्वत पाटियाच्या मार्केटमध्ये कापडाचे गठ्ठे उचलतात. संध्याकाळी आले की माझ्या डोक्यावर हात ठेवतात आणि झोपतात. मला वाटतं, त्यांना आता झोप लागते. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. गल्लीतल्या मुली माझ्यासोबत क्लासला येत नाहीत, त्यांच्या घरच्यांनी मना केलंय. मी एकटीच जाते, एकटीच येते. भाजीबाजारातून जावं लागतं, पण मी पलीकडच्या बाजूने जाते.

रविवारी मात्र तुझ्या मायकडे असते. ती तुझ्या लहानपणीचं सांगते आणि मी ऐकते. तिच्याशिवाय मला आणि माझ्याशिवाय तिला तुझं नाव काढायला कोणी नाही.

मागच्या आठवड्यात कोर्टातून मला साक्षीला बोलावणं आलं. सरकारी वकील घरी आले होते. चांगले आहेत. म्हणाले, "बेटा, फोन तुझ्याकडे होता एवढं सांग. का होता विचारलं तर सांग, शेजारचा मुलगा होता, अभ्यासापुरता मागून घेतला होता. उगाच जास्त बोलू नको, तुझं लग्न व्हायचंय अजून." आई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात धरून म्हणाली, "ते सांगतात तसंच सांग."

मी मान हलवली. पण तिला खोटं सांगितलं, हर्षल. तुला खरं सांगते.

समोरचा वकील विचारणार आहे, हा मुलगा तुझा कोण लागत होता. तेव्हा आई बाकावर असेल, पप्पा असतील, तुझी माय असेल, मॅनेजर असेल. मी शेजारचा म्हणणार नाही. मी सांगेन की माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्याचं माझ्यावर. हे तू मला कधी म्हटलं नाहीस, मीही तुला म्हटलं नाही, चार मिनिटांत कधी जमलंच नाही. आता पहिल्यांदा ते मी तिथे म्हणेन, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तू ऐकायला नसलास तरी म्हणेन. हा माझा शब्द.

तुझी,
दीपाली
डिंडोली, सुरत