ओटिलीची फळी आणि माझी सुरी

१९ जून, गुरुवार

कापून आणलं! ओटिलीने माझ्या जेवणाच्या लाकडी फळीवर धुरावलेलं मांस चक्क कापून आणलं! पातळ पातळ काप, पंख्यासारखे मांडलेले. व्हिएन्नाहून येणाऱ्या पाहुण्यांना देतात तसे.

चाळीस वर्षं मी डोंगरावरच्या त्या कुरणावर, तिच्या खाणावळीच्या झोपडीत चढतोय. गावच्या माणसापुढे मांसाचा अख्खा तुकडा येतो आणि तो खिशातली स्वतःची सुरी काढतो. कापून देतात ते परक्यांना, नाहीतर पोराटोरांना. आणि मी सुतार आहे! माझ्या कापातून समोरचा डोंगर दिसायचा.

मुकाट्याने खाल्लं. किसलेला रानमुळा झणझणीत होता, म्हणून डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त तरी मिळालं.

२० जून

रागाच्या भरात खुर्चीचा पाय करायला घेतला. वाकडा झाला. लाकूडच खराब.

२२ जून

चर्चबाहेर क्विरिनला सांगितलं. शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे सहानुभूतीची आशा नव्हतीच.

"अरे, अलोइस जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं तू दर गुरुवारी त्याच्या बायकोकडे जाऊन गवताबद्दल बोलतोस. कंटाळून तिने तुला पाहुण्यांत ढकललं असेल! लग्नाचं विचारून टाक की एकदाचं."

विचारणार आहे. उन्हाळा संपून गुरं कुरणावरून खाली गावात उतरायच्या आत विचारणारच आहे. पण तिच्या लेखी मी परकाच असेन, तर कोणत्या तोंडाने विचारू?

२६ जून, गुरुवार

पुन्हा काप! मी सुरी उघडून मुद्दाम फळीशेजारी ठेवली. ओटिली म्हणाली, "छान आहे रे. मिटून ठेव, कुणाला तरी लागेल."

शेजारी क्विरिनपुढे अख्खा तुकडा. मेला माझ्याकडे बघत बघत, सावकाश कापत होता.

३ जुलै, गुरुवार

गेलो नाही. बसू दे वाट बघत.

४ जुलै

तिने वाट बघितली का, असं क्विरिनला विचारलं. "छे!" म्हणाला. मग अर्धा पेला संपवून म्हणाला, "तीनदा दारात येऊन गेली." मग आधी छे कशाला म्हणायचं?

अक्षर फार गिचमिड येतंय. टेबल डुगडुगतं. पायाखाली पाचर मारली, तरी तेच.

१० जुलै, गुरुवार

आज घरून स्वतःचा तुकडा नेला. हो, नेला! दुसऱ्याच्या झोपडीत घरचं मांस. आई असती तर कानाखाली काढली असती.

टेबलावर ठेवला, सुरी काढली. सगळे बघायला लागले. पहिला काप प्रार्थनेच्या पुस्तकाएवढा जाड. दुसऱ्या वेळी सुरी घसरली, तुकडा खाली, आणि कुत्रा तो घेऊन पसार!

"सुरी बोथट झालीय," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. क्विरिनसुद्धा हसला नाही! तेव्हा मात्र मला भीती वाटली.

ओटिली हात पुसत येऊन शेजारी बसली. हळूच म्हणाली, "सुरीला कशाला नावं ठेवतोस? मागच्या वर्षापासून तुझा हात बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर परत आला असतास?"

नसतो आलो. पण म्हणून काय परक्यांत बसवायचं? तसं विचारलंच मी तिला.

"गाढवा," ती म्हणाली, "परक्यांचं मांस आत पोरी यंत्रावर कापतात. तुझं मी हाताने कापते. शेवटी शेवटी अलोइसचं कापायचे, तसं."

आणि जाऊन फळी घेऊन आली. मी सगळं संपवलं. राखाडी चीज, काकडीचं लोणचं, पावाचा चुरासुद्धा. तोंड भरलेलं असल्यामुळे विचारायचं राहून गेलं.

सप्टेंबरची २१

हे मी लिहितेय, ओटिली. तो सांगतोय. काल गुरं उतरली. डॉक्टरांनी त्याच्या हाताच्या दुखण्याचं नाव सांगितलं, ते इथे लिहायचं नाही म्हणतो.

"लिही," म्हणतो, "ती हो म्हणाली."

विचारलेलं तर नाहीच अजून, गाढवाने! पण लिहिलंय.