फिल्टरची दुसरी रिंग

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो नुसता लिहिण्यापुरता नाही. मागल्या आठवड्यात चार दिवस मी खरोखर जमिनीवर आडवा होतो. फरक एवढाच, की नमस्कार पालथं पडून घालतात आणि मी उताणा होतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून तुम्हाला जिना चढू देत नाहीत ना? देऊच नये. इकडे आम्ही दोघं ठीक. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे गुरुवारी झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आणि तुमची गाडीही उत्तम आहे. हे शेवटचे चार शब्द वाचून तुमची भुवई वर गेली असेल. ती तशीच राहू द्या, पुढे लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वी किल्ली माझ्या हातावर ठेवताना तुम्ही एकच अट घातली होती: बॉनेट उघडायचं ते फक्त पाणी बघायला, बाकी सगळं मिस्त्रीकडे. आजोबांच्या मागे चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाची अट, मी निमूट पाळत आलो. पण मागच्या महिन्यात ऑइल बदलायची वेळ झाली, मिस्त्रीने दोनदा दिवस सांगून दोनदा टोलवलं, आणि इकडे आईच्या डोळ्याची तारीख जवळ येत चालली. ही तारीख मिळायला चार महिने लागले होते. हॉस्पिटल साठ किलोमीटरवर, सकाळी आठला हजर व्हायचं. चुकलं की पुन्हा चार महिने, आणि मोतीबिंदू इतका पिकलाय की तेवढं थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. भाड्याची गाडी करावी तर त्या गाड्यांत टांगलेल्या सुगंधी बाटलीने आईला दहाव्या मिनिटाला उलटी होते, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो ताण अजिबात चालत नाही. तुमच्या गाडीत मात्र ती पुढे बसून, काच खाली करून, कितीही लांब जाते. तेव्हा गाडी ठणठणीत हवी, म्हणून, केवळ म्हणूनच मामा, त्या रविवारी सकाळी मी स्वतः ऑइल बदलायचं ठरवलं. (आधी दोन व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस पांढरा शर्ट घालून कामाला लागतो आणि शेवटीही त्याचा शर्ट पांढराच असतो. मला तिथेच संशय यायला हवा होता.)

गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, मागच्यांना विटा लावल्या, आणि सरपटत खाली गेलो. आई दाराशी स्टूल टाकून बसली. तिला म्हटलं, तू आत बस, तुला काय दिसणार आहे. ती म्हणाली, दिसायला कशाला हवं, हात आहेत ना. आणि खरंच, मी तेराचा पाना मागितला की नुसत्या बोटांनी चाचपून ती तेराचाच देत होती. मी गाडीखालून हात बाहेर काढायचा, तिने हातावर वस्तू ठेवायची. जुना फिल्टर काढून मी तिच्याकडे दिला, नवा फिल्टर तिने माझ्याकडे दिला. (फिल्टर इंजिनला टेकतो तिथे ऑइल अडवायला जी रबरी रिंग असते तिला जरा ऑइलचं बोट लावावं लागतं, हे तुम्हाला सांगणं म्हणजे कमालच झाली, तर तेही तिनेच लावलं.) मी तो आडव्यानेच, न बघता, अंदाजाने फिरवून गच्च बसवला. नवं ऑइल ओतलं, अर्धा मिनिट इंजिन चालू केलं, वरून बघितलं, सगळं कोरडं. इतका आनंद झाला की हात धुवायच्या आधी मी ताईला फोन केला. ही माझी घोडचूक. ताई म्हणाली की तू दुरुस्त केलेला पंखा अजून आमच्याकडे उलटा फिरतो, आणि फोन ठेवला.

सोमवारी ऑफिसला जाताना दोन गल्ल्या ओलांडल्या नाहीत तोच समोरचा ऑइलचा लाल दिवा लागला. मामा, त्या दिव्याचा रंग मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. इंजिन बंद करून खाली वाकलो तर चेंबर, पट्टा, स्टॅबिलायझरचा दांडा, सगळं ऑइलने न्हालेलं. मागे वळून पाहिलं तर आमच्या दारापासून त्या कोपऱ्यापर्यंत रस्त्यावर काळी रेघ. तुमचा भाचा पाणीपुरवठा खात्यात गळतीच्या तक्रारी नोंदवून घेतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. समोरचे निवृत्त बस-ड्रायव्हर (त्यांना सगळे स्टेपनी म्हणतात, कारण चार माणसं कामाला लागली की पाचवे ते हजर असतात) त्या रेघेवरून चालत चालत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी अतिशय गंभीरपणे विचारलं, तक्रार नोंदवून घेताय ना? रस्त्यावरच्या आणखी एकाला हाताशी धरून तिघांनी गाडी ढकलत परत आणली. मी हसत होतो, पण बोटांवर दिवस मोजत होतो. गुरुवारला तीन दिवस होते.

स्टेपनींचं ठाम मत पडलं की ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा वायसर गेलाय. मी बोल्ट आणखी आवळला. इतका आवळला की आटे जाता जाता वाचले. तरी गळतंच. मंगळवारी अर्धी रजा टाकून नवा वायसर आणला, ऑइल काढलं, वायसर बदलला, ऑइल भरलं, खाली पुठ्ठा पसरला आणि इंजिन सुरू करून पोटावर पडून बघत राहिलो. एक मिनिट काही नाही. मग पुठ्ठ्यावर एक थेंब. मग दुसरा. मग मोजायची सोय राहिली नाही. सगळीकडून ओघळत असल्यामुळे नेमकं येतंय कुठून ते कळेना. मिस्त्रीकडे धावत गेलो तर तो दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स उघडून बसलेला. म्हणाला, शुक्रवारी आणा. मी म्हटलं, शुक्रवारी आणून काय करू, मला गुरुवारी जायचंय. तो म्हणाला, मग गुरुवारी कशाला हात लावलात? (मी रविवारी लावला होता. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता.) घरी आलो तेव्हा आई म्हणाली, नाही जमत तर राहू दे रे, डोळ्याचं काय, इतकी वर्षं चाललंच की. मी तिच्यावर खेकसलो, मामा. नंतर फार वाईट वाटलं. ती नुसती पान्यांवरून बोटं फिरवत बसली.

बुधवारी पूर्ण रजा. दुपारी ताईचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, म्हणून कोपरानेच फोन दाबला आणि स्पीकरवर टाकला. तिने विचारलं, गाडी तयार आहे ना? मला खोटं बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. बोलायला लागलो की मी तोतरा होतो. मी तोतरा झालो. ताई अगदी हळू म्हणाली, "उद्या सहाला तुमची गाडी निघाली नाही तर मी आईला न्यायला येते. आणि डोळा होवो न होवो, यापुढे ती माझ्याकडेच राहील. तुझ्याच्याने होत नाही, हे आता मान्य कर."

मामा, ताई वाईट नाही. तिच्याकडे खोल्या आहेत, माणसं आहेत, लिफ्ट आहे. पण इथून आई गेली तर या घरात मी एकटा. पन्नाशी उलटलेला माणूस हे लिहिताना लाजतो, पण लिहितो: माझं धाबं दणाणलं. मी गाडीखाली जाऊन पडून राहिलो, कारण तिथे माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. हातात पाना होता, पण कशाला लावायचा ते कळत नव्हतं. पाच एक मिनिटं गेली असतील. मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला, आईचे पाय माझ्या डोक्याशी आले आणि वरून तिचा आवाज आला, "बोल्टचा नाद सोड. फिल्टर काढून बघ. एकावर एक दोन रिंगा बसल्या असतील."

मी म्हटलं, शक्यच नाही. ती म्हणाली, काढ. काढला. आणि मामा, खरोखर दोन रिंगा! नव्या फिल्टरची स्वतःची एक आणि तिच्यावर जुनी चपटी झालेली दुसरी, एका बाजूने घसरून बाहेर डोकावणारी. जुनी काढून टाकली, नव्या रिंगेला बोट लावलं, या वेळी दहा वेळा बघून फिल्टर बसवला, ऑइल भरलं. पुठ्ठा पंधरा मिनिटं कोरडा. स्टेपनींनी स्वतः पुठ्ठ्यावरून हात फिरवून खात्री केली आणि वायसरबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. जुनी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली असणार आणि ती न काढता मी वरून नवा फिल्टर चढवला असणार, असं आई म्हणते. मला मात्र राहून राहून वाटतं की जुना फिल्टर मी बाहेर दिला तेव्हा रिंग त्याच्यावर होती. मी शपथेवर सांगायला तयार होतो. आई म्हणाली, पन्नाशीनंतर असं वाटायला लागतं. असेल.

गुरुवारी सहाला पाच कमी असताना निघालो. दर दहा किलोमीटरला मी गाडी थांबवून खाली वाकत होतो, ऑइल मोजायची पट्टी काढून बघत होतो, पुसून पुन्हा बघत होतो. आई पिशवी मांडीवर धरून समोर बघत होती, म्हणजे जे काही दिसत असेल ते. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडवत होती. मी काच वर करू का विचारलं तर नको म्हणाली. तिसऱ्यांदा निघालो आणि थोड्याच वेळात बॉनेटच्या फटीतून धूर आला. जळक्या ऑइलचा वास. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडी कडेला घेऊन बंद केली, किल्लीवर हात ठेवला, पण पुन्हा फिरवायचं धैर्य होईना. परत वळावं का, असं मी आईला विचारलं. तुमच्या बहिणीने डोळे मिटले, दोनदा नाकाने वास घेतला आणि मागच्या रस्त्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "आधी सांडलेलं सायलेन्सरवर जळतंय. नवं गळत नाही. चल." पट्टी बघितली, ऑइल जागच्या जागी. पंधरा मिनिटांत धूर विरला. आठला दहा कमी असताना आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो, आणि तिला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर बसून मी रडलो. ते कुणाला सांगू नका.

आता ती ठीक आहे. दोन महिने झाले खिडकीवरचं जाळं काढलेलं नाही, हे तिने पट्टी निघाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला सांगितलं. वाचन मात्र अजून महिनाभर बंद, चष्म्याचा नंबर त्यानंतर. मामींना नमस्कार, आणि गुडघ्याला जपा.

तुमचा,
अट मोडलेला भाचा

ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. गाडी वेळेवर निघाली तरी आईला न्यायचा हेका ताईने सोडलेला नाही, ती तुम्हाला फोन करणार आहे. ऑइल घरीच बदल, असं तुम्हीच मला सांगितलं होतं, एवढं तिला म्हणा. तुमचं ती ऐकते. तुम्ही म्हणालात तर आई इथेच राहील.

ता. क. दुसरा. डाव्या डोळ्याची तारीख दीड महिन्याने आहे. मी गाडीला बोट लावणार नाही. जुनी रिंग खुंटीवर टांगून ठेवली आहे, आठवण राहावी म्हणून.

दादा,
तो पाकीट आणायला कोपऱ्यावर गेलाय आणि त्याचा चष्मा इथेच राहिलाय. तो लावला की मला वाचता येतं, डॉक्टरांना कळवू नकोस. सगळं पत्र वाचलं. बऱ्याच वर्षांनी कुणाचं तरी पत्र स्वतः वाचलं, तेही माझ्याबद्दलचं. लिहून झालेलं तो कधी पुन्हा वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.
रिंग त्याच्याकडून राहिली नव्हती. जुन्या फिल्टरवरची काढून नव्यावर मी ठेवली. दोन रिंगा बसल्या की गाडी दोन गल्ल्यांच्या पुढे जात नाही, हे बाबांच्या गॅरेजात तुझ्या हातात पाने देताना मीच बघितलं होतं, तू मार खाल्ला होतास. मला ऑपरेशनच्या सुरीची भीती वाटत होती रे. म्हटलं, तारीख चुकेल, आणखी चार महिने निघतील. त्याचे हाल बघवत नव्हते तरी गप्प बसले. मग लेकीचा फोन ऐकला आणि तो गाडीखालून बाहेरच येईना.
त्याला हे कधी सांगू नकोस. तिला सांग की मी इथून हलत नाही. आणि डाव्या डोळ्याच्या वेळी गुडघा दुखला तरी तू स्वतः ये. गाडी तो सांभाळेल, माझ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं.