परत केलेला कोट आणि बाबांचे दात

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच.) तुमचा रक्तदाब कसा आहे? मामींचा गुडघा जिना चढू देतो का? यानंतर ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायचं असतं. ते वाक्य मी गाळतो आहे. खोटं लिहिलं तर तुम्हाला अक्षरावरून कळतं.

तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला. केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता, मामी आतून सल्ले देतात, आणि आमची बाहेरची खोली व बाबांची खोली यांच्यामध्ये नुसती प्लायवुडची भिंत आहे. बाबांनी ऐकलं तर ते माझ्याशी बोलणं बंद करतील, असं लिहिणार होतो. पण ते बंदच आहे.

झालं असं की, मी स्वतःसाठी ऑनलाइन एक कोट मागवला. तपकिरी, आतून अस्तर, भरपूर खिसे. (लिफ्ट तपासणाऱ्या माणसाला कोट कशाला, हे हिने विचारून झालं आहे. लिफ्टच्या खड्ड्यात गारठा असतो, हे मी सांगून झालं आहे.) कोट आला, मी तो चढवून हिच्यासमोर उभा राहिलो. ही लोकांचे कपडे उसवून मापात बसवून देते. माणसाचं तोंड बघायच्या आधी खांदा बघते. हिने ओठांतली टाचणी काढली आणि म्हणाली, “म्हाताऱ्याचा कोट आहे हा. परत करा.” बाबा तिथेच खुर्चीत होते. त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं, एवढं मला आता आठवतं. तेव्हा माझं लक्ष स्वतःच्या खांद्याकडे होतं.

दोन दिवस कोट दारामागच्या खुंटीला राहिला. मग मी परतीची विनंती केली, ‘वस्तू न वापरलेली आहे’ या ओळीवर खूण केली, कोट घडी करून पिशवीत घातला आणि न्यायला आलेल्या माणसाच्या हातात दिला. त्याने हेल्मेट न काढता पिशवीवर एक चिठ्ठी चिकटवली, तिचा फोटो काढला आणि तो गेला. उद्या तो माणूस रस्त्यात भेटला तर मी त्याला ओळखणार नाही. कोट न्यायला आलेल्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्री बाबा जेवायला आले नाहीत. पोटाकडे बोट दाखवून त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मामा, बाबांनी उभा जन्म कोर्टात पुकारा करण्यात घालवला. त्यांनी नाव पुकारलं की रस्त्यापलीकडच्या टपरीत बसलेला आरोपी उठून उभा राहायचा. निवृत्त झाल्यावरही ते न्हाणीघरातून टॉवेल मागतात आणि वरच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून विचारतात. असा माणूस गप्प बसला होता. मी त्यांच्या दाराला कान लावून श्वास ऐकत राहिलो. (लिफ्टची दोरी तुटायच्या आधी बारीक आवाज करते. बाबांचं तसं काही ऐकू आलं नाही. पण दोरीचंही दर वेळी ऐकू येतंच असं नाही.)

छडा लावला तो हिने. न्हाणीघरातल्या फळीवरची वाटी रिकामी होती. (आता सांगावंच लागतं. बाबांना वरची कवळी आहे. वरचे एकूण एक दात. हे तुम्हाला, विशेषतः तुम्हाला, कळू नये म्हणून त्यांनी आजवर फार जपलं आहे. वाचलंत तेवढं विसरा.) हिने दाराबाहेरून उलटतपासणी घेतली आणि बाबांनी तोंडावर हात धरून कबुली दिली. आम्ही घरात नसताना त्यांनी तो कोट घातला. आरशात पाहिला. बरा दिसला. मग खुर्चीत जरा टेकले. कवळी हिरडीला टोचते, म्हणून घरात कोणी नसलं की ती काढून ठेवतात. ती कोटाच्या आतल्या डाव्या खिशात ठेवली. तेवढ्यात दारात किल्लीचा आवाज आला. म्हाताऱ्याच्या कोटात म्हातारा सापडायला नको म्हणून त्यांनी घाईने तो खुंटीला लावला. कोट गेला. दातही गेले.

आता जबाबदार कोण? कंपनीतली बाई फार गोड बोलते. ती म्हणाली, “सर, तुमचा कोट आमच्याकडे पोचलेलाच नाही.” कुरिअरवाले म्हणतात, पोचवला, न पोचवून आम्ही त्याचं काय करणार? बाबांचं म्हणणं, ज्याने पिशवी बांधली त्याने खिसे बघायचे. मी हिला म्हणालो, तू आयुष्यभर कोट हाताळतेस, तू बघायचे. त्यावर ही म्हणाली, “गिऱ्हाइकाचा असता तर आधी खिसेच बघितले असते. तुमच्या खिशात काय असणार?” आमच्या कन्येचं मत, दात आजोबांचे म्हणून जबाबदारी आजोबांची. तिला खोलीबाहेर काढलं, कारण भिंत प्लायवुडची आहे.

मी कंपनीला पुन्हा फोन केला आणि धीर करून दातांचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ टायपिंग ऐकू आलं. मग ती म्हणाली, “सर, तुमच्या ऑर्डरमध्ये दात दिसत नाहीत.” मी म्हणालो, दात मागवलेले नाहीत, ते घरचेच आहेत. “मग सर, तुम्हाला कोट परत करायचा आहे की दात परत हवे आहेत?” मी म्हणालो, दोन्ही. हे बोललो आणि घोटाळा लक्षात आला. कोट सापडला तर खिशात दात सापडणार, दात सापडले की तो वापरलेला ठरणार, आणि मी खोटारडा ठरणार. नाही सापडला, तर मी खरा राहीन आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पेज पीत राहतील. म्हणून सध्या मी कोट सापडावा आणि सापडू नये, अशा दोन्ही प्रार्थना करतो. एक आंघोळीआधी, एक नंतर.

नातीला ते खोलीत येऊ देत नाहीत. ती दाराखालून चित्रं सरकवते. परवा तिने आजोबांचं चित्र काढलं, दात मोठे दिसतील असं. ते परत आलं नाही. नवी कवळी करून घेऊ म्हटलं, तर त्यासाठी डॉक्टरांपुढे तोंड उघडावं लागतं, आणि ते माझ्यापुढेही उघडत नाहीत. मला कोटाचं काही नाही, मामा. बाबांनी एकदा टॉवेल मागावा, एवढंच.

मामींना नमस्कार. कळावे.

तुमचा भाचा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहूनच गेलं. त्या कंपनीचं परतीच्या मालाचं गोदाम तुमच्या बस डेपोच्या मागे आहे. तुम्ही जन्मभर मालवाहतुकीत काढलात. फाटकावरचा कोणी ना कोणी ओळखीचा निघेलच. आत जाऊन तपकिरी कोट शोधा. आतला डावा खिसा. खिशातलं तेवढं घ्या आणि कोट होता तसा ठेवा. कोणी विचारलंच तर औषध आहे म्हणा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार, तोच हेल्मेटवाला आला. (तोच असावा.) ‘वस्तू वापरलेली आढळल्याने परत’ असा शेरा, आत कोट, आणि आतल्या डाव्या खिशात दात. बाबांनी ते माझ्या हातातून ओढून घेतले, नळाखाली धुतले आणि दार लावलं. जरा वेळाने आतून नातीच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. वरच्या मजल्यावरून काय झालं म्हणून विचारणा आली. बाबा आमच्यासोबत जेवले. मी खोटारडा ठरलो, पण चालेल. गोदामात जाऊ नका.

शेवटचा ता. क. मामा, गोदामात जा. हिने आत्ता कोट हातात घेऊन पाहिला. हा आपला नाही. बाह्या कोणीतरी हाताने आखूड केल्या आहेत. (टाके बरे आहेत, असंही ही म्हणाली.) म्हणजे दातही आपले नाहीत. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “ही टोचत नाही,” आणि कोट घालून फिरायला गेले. ज्याची ती कवळी, तो आत्ता कुठेतरी दार लावून बसला असेल, आणि त्याचा मुलगा दाराला कान लावून उभा असेल. दात परत करायलाच हवेत, यावर दुमत नाही. पण त्यासाठी ते बाबांच्या तोंडातून काढावे लागतील. ही जबाबदारी कोणाची, यावर आम्ही बसून चर्चा केली, आणि या घरात प्रथमच सर्वांचं एकमत झालं. तुम्ही कधी निघताय?