भाकरी कुणाच्या हातची

आई, रविवारपासून मला चर्चच्या सगळ्या मंडळीचीच शिसारी आली आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘तोंड सांभाळ.’ पण तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता मोठी झाले आहे, तेव्हा आज नाही सांभाळत.

मी लहान असताना दर रविवारी उजाडायच्या आत तू चुलीपुढं बसायचीस. भाकरी थापल्याचा आवाज ऐकून मी उठते, शेंगाचटणी कुटायला घेते. उपासना झाली की आपण टोपली घेऊन सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जातो आणि तिथं तू ती वडीलबाईंच्या हाती देतेस. वडीलबाई म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ‘वडिलां’ची बायको, ख्रिस्ती होण्याआधीपासून मोठ्या घराण्यातली. त्या आत जाऊन पेशंटच्या नातेवाइकांना भाकरी वाटतात आणि तू बाहेर कडुलिंबाखाली उभी राहतेस. एकदा फाटकाशी जेवत बसलेल्या बाईला मी सांगितलं, “माज्या आईनं केल्यात ह्या.” तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. “कुणी इचारलं तुला? देवाला ठावं हाय, बास की!” मला वाटलं, संडे स्कूलमध्ये शिकवतात ती नम्रता हीच.

आता चर्चनं वडीलबाईंचा सत्कार ठरवला, भाकरीची सेवा त्यांनी सुरू केली म्हणून. बॅनर बघून माझं डोकं फिरलं आणि मी तणतणत त्यांच्या घरी गेले. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. मला बघून रडायलाच लागली.

“पैल्या रविवारी तुजी आईच आत गेलती गं. वॉर्डात एकीनं इचारलं, कुटल्या वस्तीतली तू? हिनं सांगितलं. तर भाकरी तशीच परत केली. मग तीच मला म्हणाली, बाई, तुमी द्या, तुमच्या हातचं घेतील. उपाशी कशाला ठेवायचं लोकास्नी? चर्चच्या पाळकांना मी लई डाव सांगितलं, पण ते म्हणतात, आता कशाला उकरून काढायचं.”

म्हणजे नम्रता कुठली आलीय त्यात! बाप्तिस्मा घेऊनही जातीनं तुला फाटकाबाहेर उभं केलं आणि आम्ही त्याला सद्गुण म्हणत बसलो. मला तुझाही राग आला. निदान मला तरी सांगायचं होतंस.

रविवारी वडीलबाईंच्या मुलानं त्यांच्या वतीनं शाल घेतली. पाळक ‘काही अनाम भगिनींच्या नम्रतेबद्दल’ गोड गोड बोलले. मी उठले, माईकपाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं, आपल्या वस्तीच्या नावासकट. वाटलं, माना खाली जातील, निदान कुणी भांडेल तरी. तर पाळक दोन्ही हात वर करून म्हणाले, “हालेलूया! केवढी ही नम्रता!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई, टाळ्या! पोरीचं लग्न ठरवताना जे अजून ‘मूळचे कोण?’ म्हणून हळूच विचारतात, तेच नंतर पोह्यांच्या बशा घेऊन माझ्याभोवती गोळा झाले. एकीनं तर डोळे पुसले. थू त्यांच्या तोंडावर!

हे पत्र मी तुझ्या कबरीवर येऊन वाचणार नाही, पाळकांच्या हाती तर देणारच नाही. फडताळातच राहील. एवढं मात्र तुला सांगते. त्या टाळ्या चालू होत्या तेव्हा माझं बोलणं कधीच संपलं होतं, तरी मी माईकपाशी उभीच होते; बऱ्या वाटत होत्या त्या.